एकशे वीस घोडे आणि एक पाटा

आमच्या घराण्यात पदवी घेणारा पहिला मी, आणि चारचाकी घेणाराही पहिला मीच. दोन्हींचे कागद मी जपून ठेवले आहेत. पदवीचा कागद भिंतीवर आहे आणि गाडीचं माहितीपत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीतच असतं. त्याच्या तिसऱ्या पानावर 'कमाल शक्ती' या शब्दांसमोर १२० हा आकडा आहे. म्हणजे एकशे वीस घोड्यांची ताकद. त्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. मी जळगावात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे महत्त्वाचं दिसलं की रेघ मारायची सवय आहे.

या आकड्यापायीच आम्ही फेब्रुवारीत पिंपळनेरला गेलो. तिथे माझी मोठी बहीण, अक्का, दिलेली आहे. तिच्या मुलीचं, दीपालीचं, लग्न वैशाखात ठरलं आहे. सासर चरणमाळ घाटाच्या पलीकडे, नवापूरच्या वाटेवर. साखरपुड्याच्या जेवणात सहज विषय निघाला की पाठवणीला पोरगी कोणाच्या गाडीतून जाणार. मी म्हटलं, "मामाच्या. यात विचारायचं काय?"

दीपालीचे चुलते, नाना, पंगतीत समोर बसले होते. त्यांच्याकडे जुनी डिझेल जीप आहे. तिच्यातून ते कांदा बाजार समितीत नेतात, आणि दीपाली शाळेत होती तेव्हा तीही याच जीपमधून जायची. नानांनी डाळीची वाटी खाली ठेवली.

"मास्तर, तुनी गाडीम्हा किती घोडा शेतस?"

"एकशे वीस."

"मनीम्हा साठच शेतस. पन बठ्ठा जागा ऱ्हातस."

साठच, पण सगळे जागे, यावर पंगत हसली. वाढणाराही हसला. मग नानांनीच तोड काढली. दोन्ही गाड्या एकामागून एक घाट चढतील. खालच्या देवळापासून वरच्या चहाच्या टपरीपर्यंत. शर्यत नाही, ओव्हरटेक नाही, चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. घड्याळ दीपालीच्या हातात. जी गाडी कमी वेळात वर पोचेल, तिच्यातून पाठवणी.

आता हे पोरकटपणाचं वाटेल, पण माझ्यासाठी ते तसं नव्हतं. घरात दोघांची शाळा झेपत नव्हती तेव्हा अक्काने सातवीत दप्तर बाजूला ठेवलं. "भाऊले शिकू द्या" असं ती म्हणाली, म्हणून मी शिकलो. तिच्या मुलीला सासरी पोचवायला गाडी तरी माझी असावी, एवढंच मला हवं होतं.

जळगाव

निघण्याच्या आदल्या दिवशी माझी बायको वर्षा आणि मी तिच्या माहेरी, फैजपूरला गेलो होतो. परतताना सासऱ्यांनी केळीचे दोन अख्खे घड मागच्या सीटवर ठेवले. "पिंपळनेरला नेऊन द्या," म्हणाले. एरवी ते एखादी फणी देतात. त्या भागात पाहुण्याला केळी देणं म्हणजे इतरत्र पाणी विचारण्यासारखं आहे, म्हणून मला विशेष काही वाटलं नाही.

वर्षा म्हणाली, "तुम्हाला घाट चढायचाय ना?"

"एकशे वीस घोड्यांना दोन घड म्हणजे काहीच नाही."

सकाळी गावातून बाहेर पडताना सिग्नलला थांबलो. शेजारी एक रिक्षा होती, तीत पाच माणसं आणि एक शेळी. दिवा हिरवा झाला. रिक्षा सुटली आणि शेळी माझ्याकडे बघत बघत पुढे निघून गेली.

"रिक्षाला किती घोडे असतात?" वर्षाने विचारलं.

"आठ-दहा असतील."

"बरे पळतात हो."

मी तिला समजावून सांगितलं की मी इंधन वाचवत होतो. गाडी शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की इंजिनला ओरडू द्यायचं नाही, आवाज चढायच्या आत वरचा गिअर टाकायचा. मी आज्ञाधारक विद्यार्थी आहे. चार वर्षांत माझ्या गाडीने एकदाही आवाज चढवलेला नाही.

अमळनेर

अमळनेर माझं गाव. वडील इथल्या तेलगिरणीत हमाल होते. कॉलेजात असताना घरात बसायला कोपरा नव्हता, म्हणून बाजारातल्या एका शेठजींनी दुकानाच्या माडीवरची खोली मला अभ्यासाला दिली होती. खोलीत पेंडीचा वास असे. अजूनही तो वास आला की मला गतीचे तीन नियम आठवतात.

शेठजींचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पिढ्यानपिढ्या इथलंच. आता ते थकलेत, तरी गादीवर बसतात. मी पाया पडलो. चहा झाला, कचोरी झाली. निघतो म्हटल्यावर ते म्हणाले, "खाली हात कसा जाशील बेटा? भाचीचं लग्न आहे." आणि शेंगदाणा तेलाचे पंधरा-पंधरा किलोचे दोन डबे डिकीत आले.

"शेठजी, अहो कशाला..."

"आणि बहिणीकडे म्हैस आहे ना?"

"आहे."

"मग?" असं म्हणून त्यांनी ढेपेचं अख्खं पोतं मागवलं. सरकीची ढेप, म्हणजे जनावरांची पेंड. ते पोतं मागच्या सीटखाली मावेना, म्हणून सीटवर बसवलं आणि घसरू नये म्हणून वर्षाने त्याला पट्टा लावला.

ज्या माणसाने आपल्याला बसायला जागा दिली, त्याला 'गाडीत जागा नाही' कोणत्या तोंडाने सांगायचं?

गाव सोडल्यावर वर्षा म्हणाली, "मला यात काहीतरी शिजतंय असं वाटतंय. म्हशीचं शेठजींना कोणी सांगितलं?"

"जुने संबंध आहेत," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. जळगावात हल्ली आहेर पाकिटातून येतो, पाकीट खिशात जातं आणि कोणी दिलं ते कपडे धुताना कळतं. इकडे आहेर अजून उचलावा लागतो. मला ते फार चांगलं वाटतं, आणि त्या क्षणापर्यंत तर फारच चांगलं वाटत होतं.

धुळे

धुळ्याला मी एक वर्ष वसतिगृहात होतो. तिथे स्वयंपाक करणाऱ्या शांतामावशी मला कधीही दोनच भाकरी वाढत नसत. तिसरी वाढून म्हणत, "ही मोजू नको." आता त्या लेकाकडे राहतात. त्यांना भेटल्याशिवाय धुळं ओलांडायचं नाही असा माझा नेम आहे.

मावशींनी भरीत केलं होतं, सोबत कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. मीठ त्यातच असतं. आमच्याकडे आई वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, मावशी तुरीच्या काड्यांवर भाजतात. कोणत्या काड्यांचं भरीत चांगलं यावर मत देण्याइतका मी शिकलेलो नाही. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. म्हणजे गाडीतलं वजन मीही वाढवलं.

हात धुतो तोवर मावशींचा लेक आणि शेजारी असे दोघे जण काहीतरी उचलून कण्हत गाडीकडे निघालेले दिसले. तो पाटा होता. काळ्या दगडाचा, छिन्नीने नव्याने टाकी लावलेला, वरवंट्यासकट.

"मावशी! आता मिक्सर असतो घरोघरी."

"मिक्सरला लाइट लागते. दगडाला काय लागतं?"

"पण इतका मोठा..."

"तू मोठा झालास तेव्हा मी काही बोलले का?"

पाटा डिकीत उतरला आणि गाडीचं नाक वर झालं. पुढे पंपावर हवा भरायला थांबलो. हवा भरणाऱ्याने मागच्या चाकाकडे वाकून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, दगड भरलेत का काय?"

"हो," मी म्हटलं. त्याला ती चेष्टा वाटली.

साक्रीकडे जाताना डोंगर जवळ यायला लागतात. जळगावचा मुलूख म्हणजे काळी सपाट जमीन. तिथे गाडीला चढ म्हणजे फक्त रेल्वेवरचा पूल. इकडे रस्ता श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो. एका साध्या चढावर माझी गाडी चौथ्या गिअरमध्ये थरथरली. मी एसी बंद केला नाही. प्रश्न प्रतिष्ठेचा होता.

पिंपळनेर

संध्याकाळी पोचलो तेव्हा नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी माझं स्वागत केलं, पण त्यांची नजर गाडीच्या मागच्या चाकांवर होती आणि चेहऱ्यावर देवदर्शनाचं समाधान होतं.

जेवणात अक्काने नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि इकडचा बारीक दाण्याचा, वासाचा भात केला. आमच्या पूर्व भागात भात म्हणजे जेवणाच्या शेवटी ताकाबरोबर एक मूठ. इथे पश्चिमेला पाऊस जास्त, भाताची शेतं जवळ, त्यामुळे भात मध्यभागी आणि भाकरी पाहुणी. दीपाली मला वाढत होती. ती बी.एस्सी. झाली आहे, आमच्या घरातली दुसरी पदवीधर.

"मामा, गाडी कशी चालवतोस तू? जोरात?"

"छे. नियमाने."

"अरे देवा," ती म्हणाली आणि आत गेली.

घाट

सकाळी देवळापाशी आम्ही जमलो. अक्का, वर्षा आणि दीपाली माझ्या गाडीतून आल्या. केळी, तेल, ढेप, सगळं गाडीतच होतं, कारण रात्री उतरवू लागलो तेव्हा नाना म्हणाले होते, "ऱ्हाऊ दे, सकाळे देखू." आता त्यांनी डिकीकडे न बघताच विचारलं, "पाटा ऊना का?"

वर्षा माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंत? पाटा कोणी सांगितला यांना?"

मला उशिरा का होईना समजलं. नानांनी माझ्या सासऱ्यांना, शेठजींना, मावशींना, सगळ्यांना फोन केला होता. निरोप एकच होता: मास्तर येतोय, गाडी रिकामी येऊ देऊ नका. आणि खानदेशात असा निरोप द्यायचा अवकाश असतो.

"नाना, हे बरोबर नाही," मी म्हटलं. "हे उतरवा. मग बघू."

नाना अजिबात ओशाळले नाहीत. "मास्तर, लगीनना दिन पोर एकली जाई का? तिनी पेटी, तिना भांडा, करवली, रुखवत, बठ्ठं संगे ऱ्हाई ना? मंग रिकामी गाडी घाट चढनी तर तिना काय उपेग?" आणि त्यांनी आपल्या जीपचं मागचं फळकं खाली पाडून दाखवलं. आत कांद्याच्या आठ गोण्या होत्या. "मीबी रिकामा नही."

चौदा वर्षं मी फळ्यावर लिहीत आलो आहे की त्वरण म्हणजे बल भागिले वस्तुमान. वस्तुमान वाढलं की त्वरण घटतं. मुलांना मी त्यासाठी रिकामी आणि भरलेली हातगाडी काढून दाखवतो. पण स्वतःच्या गाडीचा हिशेब करताना वरच्या आकड्याखाली रेघ मारली आणि खालचा आकडा धरलाच नाही. नानांनी तो फोनवर भरून घेतला होता.

आधी नाना गेले. दीपाली घड्याळ घेऊन त्यांच्या शेजारी बसली. जीप धुराचा एक ढेकर देऊन निघाली आणि वळणावळणाने तिचा एकाच सुरातला घरघराट वर जात राहिला, कुठे घाई नाही, कुठे खंड नाही. थोड्या वेळाने जीप परत आली.

"चार मिनिटं चाळीस सेकंद," दीपालीने सांगितलं आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली. नियम असा की देवळापाशी गाडीत जे आणि जेवढं आलं ते तसंच ठेवायचं, म्हणून अक्का आणि वर्षा मागे ढेपेच्या दोन बाजूंना, पायाशी केळीचा एकेक घड घेऊन बसल्या होत्या.

मी गाडी सोडली. पहिला गिअर, आवाज चढण्याआधी दुसरा, सरांच्या शिकवणीप्रमाणे लगेच तिसरा. पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्या वळणावर चढ वाढला, गाडी अंग झाडल्यासारखी हादरली. मी पाय दाबला. काहीच झालं नाही. एकशे वीस घोडे बहुधा कुठेतरी चरायला गेले होते. आणि तिसऱ्या वळणावर, ऐन चढावर, गाडी बंद पडली.

हँडब्रेक ओढून मी चावी फिरवतो तोच मागून एसटी आली आणि आमच्या बाजूने सावकाश वर गेली. दारातला कंडक्टर खाली वाकून म्हणाला, "भाऊ, दोरी देऊ का?"

मागून अक्काचा आवाज आला, "भाऊ, आम्ही उतरी जाऊत का?"

कसाबसा वर पोचलो. दीपालीने घड्याळ दाखवलं. सहा मिनिटं दहा सेकंद. टपरीवर एसटीतले लोक चहा पीत होते. त्यांनी माझ्यासाठी बाकावर जागा केली. नाना मागून जीप घेऊन आलेच होते. त्यांनी फक्त माझा चहा सांगितला. ते जास्त लागलं.

अक्का माझ्याजवळ येऊन बसली. "जाऊ दे भाऊ. तू ऊना हेच मोठं शे."

सातवीतलं दप्तर ठेवतानाही ती बहुधा याच सुरात बोलली असेल.

दीपाली मात्र गाडीभोवती फिरत होती. तिने माझं माहितीपत्रक काढलं, तिसरं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. "मामा, रेघ मारलीस, पण पुढची ओळ वाचलीस का? एकशे वीस कधी? इंजिन मिनिटाला साडेपाच हजार फेरे फिरेल तेव्हा. तू किती फिरू देतोस?"

"दोन हजार," मी म्हटलं.

"मग तू चार वर्षं निम्मेसुद्धा घोडे सोडले नाहीस. नानाच्या इंजिनाचा जोर खालीच असतो, कमी फेऱ्यांत. तुझ्या गाडीचा वर असतो. ती वर जायच्या आधीच तू तिचं तोंड दाबतोस."

"तुला कसं माहीत?"

"शिकले ना मी. कॉलेजात आणि कांद्याच्या गाडीवर." तिने हात पुढे केला. "चावी."

नाना टपरीवरच थांबले, बाकी आम्ही सगळे परत खाली गेलो. तीच केळी, तेच तेल, तीच ढेप, तोच पाटा, तीच माणसं. मी शेजारी बसलो, माझ्या हातात घड्याळ. तिने एसी बंद केला आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी धरून ठेवली. इंजिन ओरडायला लागलं. माझा हात आपोआप गिअरकडे गेला, तिने तो मारून बाजूला केला. चढ येण्याच्या आधीच ती जोर भरून घेत होती. मला वडील आठवले. पोतं उचलण्याआधी ते एक मोठा श्वास छातीत भरत आणि मग एका दमात उठत. पोतं पाठीवर आल्यावर श्वास घ्यायला ते कधी थांबले नाहीत. काटा चाळीसच्या पुढे गेला नाही, आणि खालीही फारसा आला नाही.

चार मिनिटं पाच सेकंद.

नानांनी घड्याळ स्वतःच्या हातात घेऊन पाहिलं. मग चहाचा शेवटचा घोट घेतला. "गाडी जिकनी," ते म्हणाले, "मास्तर हारना."

"मग पाठवणी कोणाच्या गाडीत?" वर्षाने विचारलं.

सगळे दीपालीकडे बघू लागले. ती म्हणाली, "गाडी मामाची. चालवणार नाना. मामा मागून जीप घेऊन येईल, रुखवत घेऊन." नाना हसले. मी काही बोलणार तोच ती पुढे म्हणाली, "पण मामाला पुरवणी परीक्षा. हळदीच्या आदल्या दिवशी, सगळ्या सामानासकट, चार मिनिटं चाळीसच्या आत आलास तर स्टेअरिंग तुझं."

मी आयुष्यात कोणत्याही परीक्षेला नाही म्हटलेलं नाही.

परत

निघताना ढेप म्हशीला गेली आणि केळी वाड्यावस्तीत वाटली. तेलाचे डबे आणि पाटा मात्र अक्काने उतरवू दिला नाही. "मामाकडला आहेर हळद लागाना आधी घरम्हा घेतस का कोनी? लगीनले आन." रीत ती रीत. रिकाम्या जागेत तिने तांदळाचं पोतं ठेवलं, नानांनी कांद्याची एक गोणी ठेवली, आणि मी दोघांच्या पाया पडलो. धुळ्याला मावशींना तांदूळ दिले, अमळनेरला शेठजींना कांदे. त्यांनी रिकामा हात परत पाठवला नाही हे सांगायला नकोच.

त्याला आता महिना झाला. पाटा अजून डिकीतच आहे. काढायला दोन माणसं लागतात हे एक कारण. दुसरं असं की मी रोज सकाळी कॉलेजच्या आधी गावाबाहेरच्या टेकडीवर सराव करतो, आणि वजनाशिवाय सराव म्हणजे उत्तरं बघून गणित सोडवणं.

काल त्याच सिग्नलला एक रिक्षा शेजारी आली. शेळी नव्हती, पण माणसं सहा होती. दिवा हिरवा झाला. मी दुसरा गिअर धरून ठेवला, इंजिन ओरडलं, डिकीत वरवंटा पाट्यावर गडगडला, आणि रिक्षा मागे राहिली.

"पेट्रोल?" वर्षा म्हणाली.

"वैशाखापर्यंत जळू दे," मी म्हटलं, आणि मग तिसरा टाकला.